क्षयरोगाची औषधे : सोसायचे काय आणि थांबवायचे केव्हा?

(आरोग्यसेवा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)

क्षयरुग्णाच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याला प्रशिक्षणात जे पहिले वाक्य शिकवले जाते, ते म्हणजे 'गोळ्या मध्येच बंद करू नका.' हे वाक्य भिंतींवर रंगवले गेले, पत्रकांत छापले गेले, वस्त्यावस्त्यांतून सांगितले गेले आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. ते वाक्य खरे आहे. पण ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग असा की, काही विशिष्ट लक्षणे दिसताच गोळ्या त्याच दिवशी थांबवून रुग्णाला डॉक्टरांसमोर उभे केले पाहिजे. पहिला भाग न कळल्याने औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो. दुसरा भाग न कळल्याने रोगातून वाचलेला माणूस औषधाने दगावू शकतो. कार्यकर्त्याजवळ पदवी नसते, तपासणीची साधने नसतात; पण रुग्णाला रोज पाहणारा तोच असतो. म्हणून या दोन गोष्टींतील सीमारेषा कोठे आहे, हे त्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या या मराठी कन्येला क्षयाने गाठले होते. त्याआधी पाचच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले होते. शत्रू सापडला होता. शस्त्र मात्र सापडायला आणखी साठ वर्षे लागली. आज ज्या औषधांच्या उपद्रवांची चर्चा करायची आहे, ती औषधे नसताना काय होत होते, याचे हे स्मरण आरंभीच ठेवलेले बरे. दुष्परिणामांविषयी बोलणे म्हणजे औषधांविरुद्ध बोलणे नव्हे.

शस्त्र आणि त्याची उलटी धार

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि त्याच्या पहिल्या काही वर्षांतच त्याची दुसरी धार दिसू लागली. रुग्ण बरे होत. पण काहींना चक्कर येई, तोल जाई, कानांत सतत आवाज येई आणि काहींची श्रवणशक्ती कायमची जाई. बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ मध्ये जन्मलेला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. १९४८ मध्ये स्कॉटलंडच्या रुग्णालयात त्याच्यासाठी हे औषध खास अमेरिकेतून मागवण्यात आले. फुप्फुसांत सुधारणा दिसू लागली, पण त्वचा सोलवटली, तोंडात व्रण पडले, केस गळाले, नखे खराब झाली. औषध थांबवावे लागले. पुढच्या वर्षी ते पुन्हा देऊन पाहिले, तर पहिल्याच मात्रेला शरीराने उग्र प्रतिकार केला. जानेवारी १९५० मध्ये तो गेला. त्या काळी पर्यायी औषध जवळजवळ नव्हते. आज आहे, आणि फरक नेमका तेवढाच आहे. एखाद्या औषधाचे शरीराशी जुळले नाही, तर डॉक्टर ते बदलू शकतात. मात्र त्यासाठी रुग्ण वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचावा लागतो. तसेच, ज्या औषधाने एकदा तीव्र उपद्रव केला, ते स्वतःच्या मनाने पुन्हा घेणे किती घातक ठरू शकते, हेही या एका उदाहरणात आले.

१९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. ते स्वस्त, गोळीच्या रूपातले आणि अत्यंत परिणामकारक होते. पायराझिनामाइडही त्याच सुमारास आले. पण आरंभीच्या मोठ्या मात्रांनी यकृताला इजा होते असे दिसल्याने ते बराच काळ मागे पडले आणि मात्रा कमी करून नंतर पुन्हा वापरात आले. १९६०च्या दशकात इथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन यांची भर पडली. आज नव्या क्षयरुग्णाला पहिले दोन महिने ही चारही औषधे आणि पुढील चार महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधे दिली जातात. पूर्वी ती आठवड्यातून तीनदा दिली जात. २०१७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती रोज, एकाच गोळीत एकत्र करून दिली जातात.

औषधे घरी राहून घेता येतात, ही गोष्ट जगाला भारताने दाखवून दिली, याची नोंद आपल्याकडे फारशी घेतली जात नाही. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने दाटीवाटीच्या वस्तीतील, अर्धपोटी राहणाऱ्या रुग्णांपैकी काहींना रुग्णालयात ठेवून व काहींना घरीच ठेवून एकच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्णही रुग्णालयातील रुग्णांप्रमाणेच बरे झाले होते. डोंगरावरच्या आरोग्यधामांचे युग तेथून मावळू लागले. पण याचा एक परिणाम असाही झाला की, औषधांच्या उपद्रवावर लक्ष ठेवण्याचे काम रुग्णालयातील परिचारिकेकडून घरच्या माणसांकडे आले. त्या कामाचे शिक्षण मात्र घरच्यांना पुरेसे मिळाले नाही.

रंगाचा घोटाळा

कार्यकर्त्यांना सर्वाधिक गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे लघवीचा रंग. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. घाम, अश्रू, थुंकी यांनाही ती छटा येते. पांढऱ्या बनियनवर डाग पडतात. हे निरुपद्रवी आहे आणि ते पहिल्याच दिवशी सांगितले नाही, तर रुग्ण रक्त पडते आहे असे समजून घाबरतो व गोळ्या फेकून देतो. म्हणून प्रत्येक कार्यकर्ता सांगतो, 'लघवी लाल होईल, घाबरू नका.' येथवर ठीक.

परंतु एखाद्या रुग्णाला दुसऱ्या महिन्यात कावीळ होऊ लागते, तेव्हाही त्याची लघवी गडद होते. तो तक्रार करतो आणि कार्यकर्ता पाठ केलेले उत्तर देतो, 'ती लाल होतेच, गोळ्या चालू ठेवा.' येथे घात होतो. दोहोंतला फरक थोड्या बारकाईने पाहिल्यास घरातल्या कोणालाही ओळखता येतो. रिफाम्पिसिनचा नारिंगी रंग उपचाराच्या पहिल्या दिवसापासून असतो, गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत तो सर्वांत गडद असतो आणि नंतर फिका पडत जातो. रुग्णाची भूक चांगली असते. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. काविळीची लघवी कोऱ्या चहासारखी, दिवसभर सारखीच गडद असते. ती काही आठवड्यांनी सुरू होते आणि तिच्या आधी किंवा बरोबर अन्नाची शिसारी, मळमळ, उलट्या, कमालीचा थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीतरी असते. डोळे पिवळे होणे हे उशिराचे लक्षण होय. खालची पापणी ओढून, दिवसाच्या उजेडात पाहावे. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा नीट कळत नाही.

रुग्ण पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ सांगतो आणि दुसऱ्या महिन्यात मळमळ सांगतो, या दोन तक्रारी एक नव्हेत. पहिली बहुधा एवढ्या गोळ्या एकदम पोटात गेल्याची असते. थोडे खाऊन गोळ्या घेणे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळ बदलणे, एवढ्याने ती शमते. पण पंधरा-वीस दिवस छान जेवणाऱ्या माणसाचे ताट अचानक तसेच राहू लागले, तर ती यकृताची हाक समजावी.

यकृतावरचा भार

चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला इजा करू शकतात. इथॅम्ब्युटॉल त्या बाबतीत बहुतांशी निर्धोक आहे. इजा बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत होते. तपासणीत एसजीपीटी थोडेसे वाढलेले दिसणे हे अनेकांच्या बाबतीत घडते आणि शरीर जुळवून घेताच ते आपोआप उतरते. तेवढ्याने औषधे थांबवीत नाहीत. लक्षणे असताना ते सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक, अथवा लक्षणे नसतानाही पाचपटीहून अधिक वाढले, तर ही तीनही औषधे थांबवावीत असा सर्वमान्य दंडक आहे. मध्यमवर्गीय घरांत दर आठवड्याला रक्त तपासून आकड्यांची धास्ती घेण्याची प्रवृत्ती दिसते, तर वस्तीत एकदाही तपासणी होत नाही. दोन्ही टोके टाळण्यासारखी आहेत.

भारतीय रुग्णांत हा उपद्रव पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आढळतो, हे जुन्या अभ्यासांपासून दिसत आले आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण पाश्चात्त्य देशांत सुमारे ४.३ टक्के, तर भारतात सुमारे ११.५ टक्के आढळले होते. असे का व्हावे? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे काही धागे मिळतात. ज्यांचे वय अधिक, ज्यांच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आणि ज्यांचा क्षय अधिक पसरलेला, त्यांच्या यकृताला इजा अधिक होत होती. काही आनुवंशिक घटकांचाही संबंध दिसला. अल्ब्युमिन कमी असणे हे बऱ्याचदा उपासमारीचे लक्षण असते.

वयाचा धडा अमेरिकेला फार महागात पडला होता. १९७०च्या सुमारास वॉशिंग्टनमधील संसद-परिसरात क्षयाचा प्रादुर्भाव झाला, म्हणून २,३२१ कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक उपाय म्हणून आयसोनियाझिड देण्यात आले. त्यांपैकी १९ जणांना यकृताचा विकार जडला आणि दोघे दगावले. ही माणसे आजारी नव्हती. या घटनेनंतरच वय वाढते तसा या औषधाचा धोका वाढतो, हे पद्धतशीरपणे तपासले गेले. आपल्याकडे आता रुग्णाच्या घरातील निरोगी माणसांनाही प्रतिबंधक औषध दिले जाते आणि ते देणे योग्यच आहे. पण घेणारा स्वतःला रुग्ण समजत नसल्याने तो लक्षणांकडे अधिकच दुर्लक्ष करतो. म्हणून रुग्णाच्या भेटीला गेल्यावर त्याची पत्नी, भाऊ, वृद्ध आई यांच्यापैकी कोणी गोळ्या घेत असल्यास त्यांच्याही भुकेची चौकशी करावी.

धोका कोणाला अधिक?

उपचार सुरू होतानाच काही प्रश्न विचारून ठेवले, तर पुढचे बरेच संकट टळते. सर्वांत अवघड प्रश्न दारूचा. चारचौघांत विचारला तर खरे उत्तर मिळत नाही. बायकोसमोर विचारला तर भांडण होते. एकट्याला बाजूला घेऊन, उपदेशाचा सूर न लावता विचारावा लागतो. 'दारू सोडली नाहीस तर गोळ्या मिळणार नाहीत' असे दरडावणारे कार्यकर्ते आहेत. त्यांच्या हेतूत खोट नसेल, परंतु परिणाम हा होतो की, रुग्ण दारू नव्हे, गोळ्या सोडतो. पिणाऱ्याला उपचार नाकारायचा नसतो, त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवायचे असते.

पूर्वी कावीळ झाली होती काय, हिपॅटायटिस ब किंवा क आहे काय, मधुमेह आहे काय, मूत्रपिंडाचा विकार, एचआयव्ही, गर्भारपण, नुकतेच बाळंतपण, इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, याही गोष्टी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कळायला हव्यात. रिफाम्पिसिन यकृताला इतर अनेक औषधे झपाट्याने नष्ट करायला लावते. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम त्यामुळे घटतो व साखर वाढते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनची मात्रा कमी पडते. संततिनियमनाच्या गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही. ही शेवटची गोष्ट संकोचापोटी तरुण दांपत्यांना कोणी सांगतच नाही. महिला कार्यकर्त्यांनी ती आवर्जून सांगावी.

एक घटक मात्र विचारून कळत नाही. आयसोनियाझिड शरीरात निष्क्रिय करण्याचा वेग प्रत्येकाचा जन्मतः ठरलेला असतो. निम्म्याहून अधिक भारतीयांत हा वेग मंद असतो. त्यांच्या शरीरात औषध अधिक काळ रेंगाळते. मद्रासच्या केंद्रात १९६०च्या सुमारास मोठ्या मात्रा घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांत मुंग्या व आग होत असल्याचे दिसले आणि ती प्रामुख्याने या मंद गटात होती. ब६ जीवनसत्त्वाने, म्हणजे पिरिडॉक्सिनने, ती टळते. आयसोनियाझिडबरोबर पिरिडॉक्सिन देण्याचा प्रघात त्यामुळेच पडला. मधुमेही, मद्यपी, गर्भवती, कुपोषित यांच्या बाबतीत ती छोटी गोळी विसरून चालत नाही. पाय जळतात म्हणून तळव्यांना तेल चोळत बसलेला रुग्ण दिसला, तर त्याच्या पाकिटात ती गोळी आहे का, हे आधी पाहावे.

वजनाकडेही लक्ष हवे. प्रौढांना सध्या २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार आणि ६५ ते ७५ ला पाच एकत्रित गोळ्या दिल्या जातात. वजन अंदाजे लिहिले, साडी-चपलांसह घाईत मोजले, की सीमेवरच्या माणसाला गोळी जास्त किंवा कमी जाते. उपचारात वजन वाढू लागले की मात्राही पुन्हा पाहावी लागते.

वजनाच्या बाबतीत झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेले काम प्रत्येक सेवाकार्यकर्त्याला ठाऊक असावे असे आहे. या भागात वनवासी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तेथे २,८०० रुग्णांना दरमहा तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी व तेल असा दहा किलोचा शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. घरातील इतरांनाही शिधा दिला गेला, त्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण बरेच घटले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील आठव्या अध्यायात राजयक्ष्म्याची जी चार कारणे दिली आहेत, त्यांत शक्तीबाहेरचे श्रम आणि विषम आहार ही दोन आहेत. सन २०१८ पासून केंद्र शासन रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ते खात्यात आले का आणि आल्यावर डाळीला गेले का, हे पाहणे अर्थात कार्यकर्त्याचे काम.

डोळा आणि सांधे

इथॅम्ब्युटॉलचा उपद्रव डोळ्यांच्या मज्जातंतूला होतो. तो विरळा आहे, पण वेळेत न ओळखल्यास दृष्टी कायमची मंदावू शकते. आपल्या कार्यक्रमात हे औषध पूर्ण सहा महिने दिले जाते, म्हणून डोळ्यांची चौकशी शेवटच्या महिन्यापर्यंत चालू ठेवावी. वृद्ध व मूत्रपिंडाचा विकार असणारे यांना धोका अधिक. तक्रार 'दिसत नाही' अशी क्वचितच येते. वर्तमानपत्र वाचायला त्रास होतो, लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो, भाजी निवडताना पिकलेले टोमॅटो आणि कच्चे टोमॅटो सारखेच वाटू लागतात. वृद्धांच्या बाबतीत घरचे 'मोतीबिंदू असेल' म्हणून सोडून देतात. प्रत्येक भेटीत एकेक डोळा झाकून दिनदर्शिकेवरची तारीख वाचायला लावणे, एवढी परीक्षा पुरेशी आहे. फरक जाणवला की औषध थांबवून नेत्रतज्ज्ञाकडे.

पायराझिनामाइडने रक्तातील युरिक अॅसिड वाढते व सांधे दुखतात. हे सोसण्यासारखे आहे. साध्या वेदनाशामकाने भागते आणि दोन महिन्यांनी ते औषध बंद झाले की दुखणेही जाते. साधी खाज हीही बहुधा साध्या गोळीने थांबते. पण अंगभर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण, यांपैकी काही आले, तर एकही गोळी पोटात जाऊ देऊ नये. तसेच हिरड्यांतून रक्त येणे किंवा त्वचेवर लालजांभळे ठिपके उठणे हे रिफाम्पिसिनमुळे रक्तातील बिंबाणू घटल्याचे लक्षण असू शकते, तेही तातडीचे.

कोकणातल्या कार्यकर्त्यांसाठी एक वेगळी नोंद. आयसोनियाझिड घेणाऱ्या काहींना बांगड्यासारखे, विशेषतः ताजे नसलेले मासे खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, धडधडणे, डोके दुखणे असा त्रास होतो. माशातील हिस्टामिन नष्ट करण्याची शरीराची क्षमता या औषधाने कमी होते. याचा अर्थ मासे सोडावेत असा नाही, तर शिळे खाऊ नयेत. प्रथिनांची गरज असलेल्या रुग्णाला मासे तोडायला सांगणे हा उपचारच नव्हे.

बहिरेपणाची किंमत

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरची औषधे अधिक कठोर. कित्येक वर्षे या रुग्णांना कॅनामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन्‌महिने दिली जात आणि अनेकांची श्रवणशक्ती त्यांत गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना तरुणपणी दोनदा आतड्याचा क्षय झाला. २०१३ मध्ये उपचारांदरम्यान त्यांना ऐकू येईनासे झाले. त्या बऱ्या झाल्या, पत्रकार झाल्या, नृत्य करत राहिल्या. इतक्यावरच त्या थांबल्या नाहीत. बेडाक्विलिन हे तोंडाने घ्यायचे नवे औषध बहिरेपणाचा धोका टाळणारे, पण एका परदेशी कंपनीच्या एकाधिकारामुळे महाग. त्या कंपनीने एकाधिकाराची मुदत वाढवून मागितली, तेव्हा नंदिताताईंनी आणि दक्षिण आफ्रिकेतील त्यांच्याच सारखी श्रवणशक्ती गमावलेल्या फुमेझा टिसिले यांनी भारतीय पेटंट कार्यालयात हरकत दाखल केली. मार्च २०२३ मध्ये ती मागणी फेटाळली गेली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मूळ पेटंट संपताच भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. स्वदेशी औषधनिर्मितीविषयी सभांमधून पुष्कळ बोलले जाते. एका रुग्ण तरुणीने ते कागदोपत्री करून दाखवले.

इंजेक्शने आता बहुतांशी मागे पडली आहेत. २०२४ मध्ये भारताने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची सहा महिन्यांची योजना स्वीकारली. कालावधी घटला, ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही लिनेझोलिडने रक्त कमी होते, पाय बधिर होतात, नजर अधू होऊ शकते. बेडाक्विलिनमुळे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी टाळून चालत नाही. इतर काही योजनांतील क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते. लग्नाच्या वयातील मुलींच्या घरी हा प्रश्न केवळ त्वचेचा राहत नाही, आणि ती काळिमा औषध थांबल्यावर हळूहळू ओसरते, हे आईवडिलांना कोणीतरी शांतपणे सांगावे लागते. सायक्लोसेरिनने मनावर परिणाम होतो : झोप उडणे, खिन्नता, भास, आत्मघाताचे विचार. घरचे त्याला स्वभाव बिघडला म्हणतात, कोणी बाहेरची बाधाही म्हणतात. असा रुग्ण एकटा सोडू नये.

काढे आणि घरगुती उपाय

गोळ्या 'गरम' पडतात म्हणून त्यांच्या जोडीला काढे व चूर्णे देण्याची पद्धत आपल्या घरांत सर्रास आहे. आयुर्वेदाविषयी आदर असणाऱ्या समाजात याविषयी स्पष्ट बोलले जात नाही, पण बोलले पाहिजे. यकृतावर आधीच तीन औषधांचा भार असताना, कोणते मूळ, कोणते भस्म, किती मात्रेत जाते आहे याचा पत्ता नसलेली पुडी देणे आयुर्वेदालाही मान्य नाही. तो शास्त्र आहे, पुडी नव्हे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेत, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री झालेली नाही, असे म्हटले. वाद काहीही असो, कार्यकर्त्यापुरता त्याचा अर्थ एकच : वनस्पती ओळखण्यात तज्ज्ञांचेच मतभेद होतात, तेथे बाजारातून आणलेल्या पुडीची हमी कोण देणार? वैद्यांचे औषध चालू असेल, तर ते लपवू नये आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना त्याचे नाव सांगावे. 'मी सांगितले तर डॉक्टर रागावतील' ही भीती रुग्णाच्या मनातून काढणे हे काम औषध पोहोचवण्याइतकेच महत्त्वाचे.

थांबल्यानंतर

गोळ्या थांबवल्या म्हणजे उपचार संपला, असा समज होऊ देता कामा नये. काविळीसाठी औषधे थांबली, तर लक्षणे जाऊन तपासणी सुधारेपर्यंत वाट पाहतात. रोग गंभीर असेल, तर या काळात यकृताला इजा न करणारी दुसरी औषधे देतात. नंतर एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सुरू करतात, बहुधा आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड. प्रत्येक पायरीला रक्त तपासले जाते, त्यातून दोषी औषध कळते. कावीळ तीव्र असल्यास पायराझिनामाइड बहुधा पुन्हा देतच नाहीत आणि मग उपचाराचा काळ वाढतो. हा सारा क्रम रुग्णाला आधी सांगितलेला नसेल, तर दोन आठवडे गोळ्या न घेता बरे वाटते, म्हणून तो पुन्हा दवाखान्यात येतच नाही. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण घरात उरलेल्या पाकिटातील चारही औषधे एकदम स्वतःच सुरू करतो. पहिल्याने रोग वाढतो, दुसऱ्याने पुन्हा कावीळ होते. रिफाम्पिसिन काही दिवस सोडून पुन्हा घेतल्यावर ताप, थंडी, अंगदुखी येणे आणि क्वचित मूत्रपिंडाला इजा होणे हाही ज्ञात धोका आहे. म्हणून औषधे थांबलेल्या काळात भेटी कमी करायच्या नसतात, वाढवायच्या असतात, आणि घरातील पाकीट तात्पुरते ताब्यात घ्यायचे असते.

रुग्णाच्या घरात, देवघराशेजारी किंवा दिनदर्शिकेच्या मागे, एक साधा कागद चिकटवून ठेवावा. त्यावर गोळ्या सुरू झाल्याची तारीख, दर पंधरवड्याचे वजन, आणि मोठ्या अक्षरांत पाच गोष्टी : अन्नाची शिसारी, चहासारखी लघवी, पिवळे डोळे, अंगावर पुरळ, दिसण्यात फरक. खाली जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि रात्री वाहन देणाऱ्या शेजाऱ्याचे नाव. कार्यक्रमाची निक्षय संपर्क ही निःशुल्क दूरध्वनीसेवा १८००-११-६६६६ या क्रमांकावर आहे. औषधाच्या कोणत्याही दुष्परिणामाची नोंद गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करता येते. ती डॉक्टरांनीच करावी असे बंधन नाही, रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. कागदावर हे दोन्ही क्रमांक लिहून, रुग्णाच्या घरातील एखाद्या शाळकरी मुलाकडून ते मोठ्याने वाचून घ्यावेत. बऱ्याच घरांत वाचता येणारा तेवढाच एक असतो.